चावी फिरते आहे तोवरच इग्निशन लॉक उतरवा

प्रश्न जुळे सोलापुरातून आला आहे. २०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक, साधे मॅन्युअल गिअर. दोन महिन्यांपासून चावी आत जाते, पण फिरताना अडते. स्टिअरिंग हलवत चार-पाच वेळा प्रयत्न केला की कधीतरी फिरते. एका मेकॅनिकने सांगितलं, लॉक फोडून पुश बटण लावून देतो. दुसऱ्याने सांगितलं, अख्खा स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा घरासकट, बदला. लॉकचा सिलिंडर घरच्या घरी काढता येतो का, आणि या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, असं या गृहस्थांनी विचारलंय.

दोघांचंही ऐकू नका. तुम्ही सांगता त्यावरून तुमच्या कॉलमला काही झालेलं नाही, आणि पुश बटणाचं पुढे लिहितो ते वाचल्यावर तो विचार तुम्ही स्वतःच सोडून द्याल. सिलिंडर काढता येतो. फक्त उशीर करू नका. तुमची चावी अजून कधीतरी फिरते, हे तुमचं नशीब समजा. सोलापुरात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामात माझी सव्वीस वर्षं गेली. फिरणाऱ्या चावीचं लॉक मी अर्ध्या तासात हातात घेतलंय, आणि न फिरणाऱ्या चावीच्या लॉकपायी ड्रिल, छिन्नी घेऊन अर्धा दिवस सीटखाली आडवा पडलोय. दोन्ही वेळा लॉक तेच असतं.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. आपण ज्याला सरसकट ‘लॉक’ म्हणतो त्यात चार वेगळ्या वस्तू आहेत. पुढे, जिथे चावी जाते, तो सिलिंडर. आमच्याकडे त्याला बॅरल म्हणतात. त्यात स्प्रिंगवर बसलेल्या पातळ पितळी पत्त्या असतात. योग्य चावी आत गेली की सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि बॅरल फिरतो. बॅरलभोवतीचं जाड धातूचं घर कॉलमला बोल्टने आवळलेलं असतं. त्याच घरात एक खिट्टी असते, ती चावी काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसते. मागच्या बाजूला इलेक्ट्रिक स्विच, म्हणजे बॅटरीचा करंट मीटर, इग्निशन आणि सेल्फकडे (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे) वाटून देणारा भाग. आणि चिपची चावी असेल तर बॅरलच्या तोंडाभोवती इमोबिलायझरची, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, गोल रिंग. बिघाड या चारपैकी कशात आहे हे न बघता माणसं थेट लॉक बदलायला निघतात, आणि नवीन लॉक बसवूनही दुखणं तिथंच राहतं.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी एवढं तपासा. घरात ठेवलेली दुसरी चावी काढा, जिला कुणी फारसा हात लावलेला नाही. दोन्ही चाव्या पाठीला पाठ लावून उजेडात धरा. रोजच्या चावीचे दाते गोल झालेले, खाचा उथळ झालेल्या दिसतील. दुसऱ्या चावीने लॉक लोण्यासारखं फिरलं तर दोष चावीचा आहे, लॉक काढायची गरजच नाही. फक्त झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट करून घेऊ नका, नवी चावीही झिजलेलीच जन्माला येते. गाडी घेतली तेव्हा चाव्यांसोबत नंबर कोरलेला छोटा बिल्ला बऱ्याच गाड्यांना मिळतो. त्या नंबरावरून चावी कापून घ्या. बिल्ला हरवला असेल तर कमी वापरलेली चावी नमुना म्हणून द्या.

दुसरी चावीही अडत असेल, पण स्टिअरिंग एका बाजूला ताणलेलं असतानाच अडत असेल, तर खिट्टीवर भार येतोय. चाक फुटपाथच्या कडेला दाबून गाडी लावली की हे हमखास होतं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडं हलवून बघा. ज्या बाजूला किंचित सैल लागतं त्या बाजूला धरून चावी फिरवा, फिरेल. चावी मोकळी फिरते पण मीटरचे दिवे लागत नाहीत, किंवा चावी जरा हलवली की दिवे लुकलुकतात, तर मागचा स्विच गेलाय. तो बऱ्याच गाड्यांत दोन स्क्रूंवर असतो आणि बॅरल न काढता बदलता येतो. सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय, तर चिपचं किंवा रिंगचं काम आहे. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेलेली अडचण म्हणजे बहुतेक वेळा पत्त्याच.

पत्त्या अशा का अडतात ते मला एकदा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या व्हॅनने दाखवलं. व्हॅन रोज शेडच्या दारात उभी असायची. चावी अडायला लागली की ड्रायव्हर लॉकमध्ये खोबरेल तेल सोडायचा. “तेल सोडलं की दोन दिवस फिरतंय, पुन्हा तसंच की वो,” असं मालक म्हणाले. मी बॅरल काढून वर्तमानपत्रावर उघडला. पत्त्यांच्या फटींत करडा, चिकट लगदा भरला होता. चिमट्याने ओढला तर त्यातून धागा निघाला. शेडमधले सुताचे तंतू चावीला चिकटून आत जात होते, तेल त्यांना धरून ठेवत होतं, वर आपल्या गावची धूळ. दोन पत्त्या त्या लगद्यात खाली दाबून बसल्या होत्या, स्प्रिंगला त्या वर ढकलता येत नव्हत्या. पत्ती न् पत्ती काढून क्लीनर स्प्रेने धुतली, वाळवली, ग्रॅफाइट लावून परत भरली. झिजली एकच होती, तेवढी बदलली. बॅरल तोच, चावी तीच, लॉक पुन्हा पहिल्यासारखं. तेव्हापासून मी कुणालाही लॉकमध्ये तेल सोडू देत नाही. सोडायचंच असेल तर ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे, तेही थोडं. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि मागे स्विच आहे, हे लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी, पुढची चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्टिअरिंगचं लॉक उघडलेलं हवं. काचा खाली करून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि बाजूला कापडात गुंडाळा. यानंतर थांबायचं. घाईच्या माणसाला हे जड जातं, पण एअरबॅग असलेल्या गाडीत तार काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ वीज साठून असते. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण एक ते तीन मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं. मी दहा थांबतो. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे तुमच्या २०१२ च्या गाडीत ती असेलच असं नाही. पण वरच्या मॉडेलमध्ये असायची. स्टिअरिंगच्या मधोमध ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ कोरलेलं आहे का बघा. असेल तर पिवळ्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) आणि पिवळ्या वायरला हात लावायचा नाही, मल्टिमीटर तर मुळीच लावायचा नाही. मीटरच्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. या कामासाठी स्टिअरिंगचं चाक काढावं लागत नाही. कुणी काढायला लागलं तर का काढतोय हे विचारा.

कॉलमच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर खालून तीनेक स्क्रूंवर असतं. काही गाड्यांत त्यातले दोन स्टिअरिंगच्या मागे पुढच्या बाजूला लपलेले असतात. चाक पाव फेरा डावीकडे, मग पाव फेरा उजवीकडे फिरवलं की एकेक समोर येतो. स्टिअरिंग लॉक झालेलं असेल तर हे स्क्रू दिसूनही हाती लागत नाहीत. चावी फिरत असतानाच काम करा म्हणतो त्याचं हे पहिलं कारण. स्क्रू निघाले की दोन्ही कव्हरांच्या सांध्यात बोटं घालून हलकं पिळा, क्लिपा सुटतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. बारा-तेरा उन्हाळे सोसलेलं प्लास्टिक आहे, एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात बंद गाडी आतून किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. क्लिप तुटली तर कव्हर आयुष्यभर खुळखुळत राहील.

कव्हर उतरलं की बॅरलच्या तोंडाभोवतीची रिंग दिसेल, असली तर. तिच्यातली तार केसासारखी बारीक असते. कपलर काढा, मग रिंगच्या बाजूच्या क्लिपा दाबून ती सरळ पुढे ओढा. वायरला धरून ओढू नका.

आता टॉर्च घ्या आणि लॉकचं घर खालून, बाजूने नीट बघा. दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक शोधा. भोकात आत चमकणारी एक छोटी पिन दिसेल. ती बॅरलला धरून ठेवते. चावी घालून ‘एसीसी’वर, म्हणजे लॉकनंतरच्या पहिल्या टप्प्यावर आणा. बहुतेक गाड्यांत पिन फक्त याच जागी आत दबते, कारण बॅरलवरची खाच आणि घरातली मोकळी जागा इथेच समोरासमोर येते. ‘लॉक’वर असताना कितीही दाबा, पिन हलत नाही, आणि जोर लावला तर तीच वाकते. बारीक पंच किंवा योग्य जाडीचा खिळा भोकात सरळ धरा, दाबा, आणि दुसऱ्या हाताने चावी धरून बॅरल स्वतःकडे ओढा. पहिल्या झटक्यात आला नाही तर पंच दाबून ठेवूनच चावी एसीसीच्या अलीकडे-पलीकडे केसभर हलवा. ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि बॅरल अर्धा सेंटीमीटर पुढे सरकतो. तो आवाज आला की ओढायला जोर लागत नाही. जोर लागत असेल तर पिन पूर्ण दबलेली नाही, पुन्हा बघा.

बॅरल बाहेर आला की आत टॉर्च मारून मागच्या स्विचची जीभ किंवा चौकोनी खाच कोणत्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बसवताना हाच फोटो लागतो.

भोक कुठेच सापडलं नाही तर? काही छोट्या गाड्यांत बॅरल घरातून सुटा निघत नाही, घरासकट अख्खं लॉक काढावं लागतं. घर कॉलमला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना डोकंच नसतं. कारखान्यात आवळताना ठरलेल्या ताकदीला त्यांचं डोकं तुटून पडतं आणि वर गुळगुळीत गोल राहतो. चोराला पाना लावता येऊ नये म्हणूनच ही रचना. असे बोल्ट दिसले तर तिथेच थांबा, कव्हर परत लावा आणि गाडी गॅरेजला न्या. ते घरचं काम नाही. आम्हीसुद्धा आधी आरसी बुक बघतो, मगच या बोल्टांना हात लावतो. तुमच्याकडे कुणी कागद न बघता लॉक फोडायला तयार झाला तर त्या माणसाला गाडी देऊ नका.

गॅरेजमध्ये काम कसं होतंय यावर लक्ष ठेवता यावं म्हणून थोडं सांगतो. या बोल्टच्या कडेला छोटी छिन्नी तिरकी लावून उलट्या दिशेने हलके ठोके मारले की तो बऱ्याचदा सुटतो. नाहीतर मधोमध पंच मारून ड्रिल. ठोके फक्त बोल्टच्या कडेला, आडवे पडायला हवेत. कॉलमच्या दांड्यावर, त्याच्या लांबीच्या दिशेने हातोडी कधीच मारायची नाही. अपघातात ड्रायव्हरच्या छातीवर चाक आदळू नये म्हणून कॉलम दबून आत सरकेल असा बनवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्याचे दोन भाग प्लास्टिकच्या छोट्या पिनांनी एकत्र धरलेले असतात. उभ्या ठोक्याने त्या पिना तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, गाडी चालतेही, पण स्टिअरिंगला एक बारीक हेलकावा येतो. म्हणजे ज्या कॉलमला काही झालं नव्हतं तोच खरंच बदलायची वेळ येते. कुणी मोठी हातोडी घेऊन बसला तर तिथेच अडवा.

चावी अजिबात फिरत नाही अशा अवस्थेत गाडी आली तर मीही आधी पंधरा मिनिटं मायेने प्रयत्न करतो. क्लीनर मारून लॉक धुतो, चावी तीस-चाळीस वेळा आत-बाहेर करतो, चावी तळापर्यंत न घालता किंचित बाहेर ठेवून फिरवून बघतो, पेचकसाच्या लाकडी मुठीने चावीच्या डोक्यावर हलकं टकटक करत फिरवतो. अडलेली पत्ती कधीकधी या थरथरीने जागेवर येते. एकदा जरी फिरली तरी चावी तिथेच एसीसीवर ठेवून बॅरल काढून घेतो, परत ‘लॉक’वर जाऊ देत नाही. पक्कड मात्र चावीला लावत नाही. चावी आत तुटली की बॅरल साफ करून वाचवायची शक्यता फार कमी उरते.

बॅरल हातात आल्यावर नवीन घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा? मी आधी जुनाच उघडून घ्या म्हणेन. चावीवाल्याकडे नेलात तर तो पत्त्या धुऊन, झिजलेल्या बदलून, तुमच्या चांगल्या चावीला जुळवून देतो. दारं, डिकी, इग्निशन सगळं एकाच चावीवर राहतं. नवीन बॅरल नवीन चावीसह घेतला तर खिशात दोन चाव्या, आणि चिपचा प्रश्न वेगळा. इमोबिलायझर चावीच्या धातूकडे बघत नाही, डोक्यातल्या चिपकडे बघतो. नवीन चावी लॉकमध्ये छान फिरेल, सेल्फही मारेल आणि इंजिन धरणार नाही. मग जुन्या चावीतली चिप नव्या चावीत बसवून घ्यायची, किंवा स्कॅनरवर नवीन चिपचं कोडिंग करायचं. कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत कोडिंग करताना जुनी यादी पुसली जाते, आणि घरी राहिलेली चावी त्यानंतर गाडी चालू करत नाही.

बसवताना मागच्या स्विचची जीभ फोटोतल्या कोनातच आहे ना बघा. हलली असेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद आणा. चावी एसीसीवर ठेवून बॅरल सरळ आत ढकला, पिन ‘टक’ करून भोकात बसली पाहिजे. मग पिन न दाबता बॅरल बाहेर ओढून बघा, हलता कामा नये. बॅटरी जोडायच्या आधीच चावी सगळ्या टप्प्यांवर दहा वेळा फिरवा. ‘स्टार्ट’वरून सोडली की स्वतःहून मागे आली पाहिजे, ‘ऑन’वर असताना बाहेर निघता कामा नये. चावी काढून स्टिअरिंग हलवा, खिट्टी खटकन बसली पाहिजे. चावी घालून फिरवा, तितक्याच सहज सुटली पाहिजे. सगळं जमलं की कव्हर, मग बॅटरी. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर गाडी स्कॅनवर दाखवा, दुर्लक्ष करू नका.

आता पुश बटण. कंपनीची बटणवाली गाडी वेगळी, तिच्यात स्टिअरिंग लॉकची व्यवस्था बटणाशी जुळवून केलेली असते. लॉक फोडून वायरी बाहेर काढून लावलेलं बटण म्हणजे फक्त करंटची सोय. खिट्टी आणि तिची स्प्रिंग तिथेच राहते, आणि तिला मागे धरून ठेवणारी चावी मात्र आता नसते. काही वर्षांपूर्वी मोहोळकडचा एक छोटा टेम्पो माझ्याकडे हॉर्नच्या तक्रारीसाठी आला. कव्हर काढलं तर लॉकचं तोंड फोडलेलं, आणि खिट्टी तांब्याच्या वायरने मागे बांधून ठेवलेली. वायरचे तीन पदर होते, दोन तुटले होते. तिसरा मी बोटाने ओढला आणि खिट्टी खाचेत जाऊन बसली, तिचा आवाज अजून कानात आहे. पुणे हायवेवर ऐंशीच्या वेगात तो पदर तुटला असता तर ड्रायव्हरच्या हातात न फिरणारं चाक राहिलं असतं. त्या दिवशी हॉर्न बाजूला ठेवून मी ते अख्खं लॉक उतरवलं, नवीन मागवलं आणि ते बसेपर्यंत गाडी सोडली नाही. मालक चिडले होते. मी ती खिट्टी त्यांच्या हातात ठेवली, मग शांत झाले.

चावीच्या जुडग्याचं राहिलं. घराची, दुकानाची, कपाटाची, शेडची अशा आठ-दहा चाव्या आणि वर देवाचा पितळी छल्ला, एवढं वजन इग्निशनला रोज लटकत असतं आणि खड्ड्यागणिक हेलकावे देतं. पत्त्या, बॅरलचं तोंड, मागचा स्विच, तिघंही त्याने झिजतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख छोट्या गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. त्यांचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी चालू गाडीत ‘ऑन’वरून ‘एसीसी’वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. कंपनीच्या नुकसानभरपाई योजनेत या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य झाले. तुमच्या गाडीचा स्विच तसा नसेल, तरी गाडीची चावी एकटी ठेवा.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत दुसरी चावी लावून बघा. तीही अडली तर बॅटरीची तार काढा, खालचं कव्हर उतरवा आणि पिनचं भोक शोधा. भोक असेल तर वर सांगितलं तसं बॅरल काढून चावीवाल्याकडे न्या. गाडी दारातच राहू द्या, तोवर रिक्षाने फिरा. भोक नसेल तर कव्हर लावा, तार जोडा, चावी फिरते आहे तेवढ्यात गाडी चालू करून थेट गॅरेजला या, इंजिन वाटेत कुठेही बंद करू नका. सोबत आरसी आणि दोन्ही चाव्या.